पुढच्या चाकातून ‘कट्’ आवाज येतोय? आधी वजनकाट्यावर चला

(ऑडिओच्या सुरुवातीला आठ-दहा सेकंद गाडीचा आवाज आहे. वाचणाऱ्यांनी तो कल्पनेनं ऐकावा. बाकी सगळं बोललो तसंच लिहिलंय, फक्त ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

ऐकलात ना आवाज? कट्... कट्... आणि मग गतिरोधक उतरताना एकच मोठा ‘खट्ट’. हा माझ्या चुलत भावाच्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचा आवाज आहे. मोबाईल डॅशबोर्डवर ठेवून रेकॉर्ड केलाय, फेब्रुवारी २०२३ मध्ये. तेव्हा आम्हाला तो शूटिंगसारखा गंमतीचा वाटत होता. त्यानंतर पाच महिन्यांनी तेच चाक माळशेज उतरल्यावर मुरबाडच्या अलीकडे रस्त्यावर कुशीवर झोपलं.

तर आजचा भाग पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनवर. तुमच्यापैकी निम्मे लोक म्हणतील, आमच्याकडे तर बाईक आहे, आम्ही का ऐकू? ऐका. तुमच्या घरात नसेल तर गल्लीत नक्की कुणाची तरी पिकअप असेल. दूध, कांदा, पाण्याचे जार, मंडपाचं सामान, गणपती... सगळं त्याच गाडीतून येतं. आणि ती गाडी चालवणारा माणूस शोरूमच्या काउंटरवर जाऊन जे ऐकून घेतो, ते आज सांगायचंय.

आधी दादाची गोष्ट. मी त्याला दादाच म्हणतो, नाव नको. आम्ही नारायणगावच्या बाजूचे. दादाने २०२१ च्या दिवाळीत पिकअप घेतली. कर्ज काढून, अर्थातच. हप्ता महिन्याला एकोणीस हजार आणि काही शे. गाडी स्वतः चालवतो, ड्रायव्हर नाही. नारायणगावच्या मार्केटमधून व्यापाऱ्यांचा टोमॅटो भरायचा आणि वाशीला किंवा कल्याणला टाकायचा, हे त्याचं काम. कंपनीचं नाव मी घेणार नाहीये. कारण एक तर ती भानगड मला नको, आणि दुसरं म्हणजे कमेंटमध्ये मग ‘ती कंपनी भारी की ही’ एवढीच मारामारी होते.

२८ हजार किलोमीटरला पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खाल्लेला दिसला. बाहेरून टायर नवा, आतून पार गुळगुळीत. शोरूमने अलाइनमेंट करून दिली, पैसे घेतले. ३४ हजारला आवाज सुरू झाला. तेव्हा लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट बदलला. बिल सात हजार चारशे. दादा म्हणाला, साहेब, गाडी वॉरंटीत आहे. कागदावर तीन वर्षं लिहिलंय. तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “बुश आणि बॉल जॉइंट झिजणारे पार्ट आहेत, वॉरंटीत बसत नाहीत. आणि तुम्ही टोमॅटो मारता ना? मग ओव्हरलोड झाला असणार.”

झाला ‘असणार’. हा शब्द लक्षात ठेवा. गाडी त्याने कधी भरलेली पाहिली नव्हती.

५१ हजारला परत तेच, तोच डावा बॉल जॉइंट. म्हणजे शोरूममध्येच बसवलेला नवा पार्ट १७ हजार किलोमीटरमध्ये गेला. परत बिल, परत ओव्हरलोड. आणि ६१ हजारला, जुलै २०२३ मध्ये, चाक बसलं.

जुलै २०२३ आठवतोय? टोमॅटो सोन्याच्या भावात होता. वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. दादाच्या गाडीत त्या रात्री ९६ क्रेट होती. म्हणजे मागे जवळपास दोन लाखांचा माल, वरून पाऊस आणि घाट उतरून नुकताच सपाटीला लागलेला रस्ता. एक खड्डा आला. वेग तीसच्या आसपास होता म्हणून दादा आज मला शिव्या द्यायला शिल्लक आहे. स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखं झालं, चाक वरच्या मडगार्डात घुसलं आणि गाडी डावीकडे फरफटत जाऊन थांबली. हेच दहा मिनिटं आधी, घाटात, दरीच्या बाजूला झालं असतं तर... असो. त्यावर मला बोलायचं नाहीये, घरी आई ऐकते हा पॉडकास्ट.

दुसरी गाडी यायला पहाट झाली. वाशीचा बाजार चुकला. व्यापाऱ्याने भाडं तर दिलं नाहीच, वर नुकसान कापलं. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं, पार्ट झिजून तुटला तर तो मेकॅनिकल बिघाड, पॉलिसीत येत नाही. शोरूमने काय सांगितलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता दोन मिनिटं वर्कशॉपमध्ये जाऊ. बॉल जॉइंट म्हणजे काय? तुमचा खांदा. एक गोळा, एका वाटीत बसलेला, सगळ्या दिशांना फिरणारा. चाक वर-खाली पण होतं आणि डावीकडे-उजवीकडे वळतं पण; दोन्ही एकाच वेळी करायचं तर असा सांधा लागतो. गोळ्याभोवती ग्रीस असतं आणि वर रबराची टोपी, तिला बूट म्हणतात. ज्या गाड्यांत पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म असतात आणि स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असतो, तिथे पुढच्या बाजूचा भार खालच्या बॉल जॉइंटमधूनच चाकावर जातो. म्हणून वरचा सैल झाला तर गाडी कुरकुर करते, खालचा निसटला तर गाडी बसते.

हा सांधा वेळेआधी मरतो कसा? बहुतेक वेळा रबरापासून सुरुवात होते. बूट फाटतो, चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, मग गंज आणि धूळ मिळून गोळ्याला घासत बसतात. आमच्या गावातले एक जुने मिस्त्री आहेत, ते म्हणतात, “आमच्या वेळी निपल असायचं. दर सर्व्हिसला ग्रीस मारलं की जुनं घाणेरडं ग्रीस बाहेर. आता सगळं सीलबंद. लाइफटाइम म्हणे. कुणाची लाइफ?” जुन्या लोकांचं सगळंच बरोबर नसतं, पण हे बरोबर आहे. सीलबंद सांध्याला बाहेरून ग्रीस मारता येत नाही, त्यामुळे बूट फाटला की त्या सांध्याचे दिवस भरले.

त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकाचं मानक आहे: ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच. म्हणजे लांबट, गोलसर उंचवटा, ज्यावरून गाडी चढते आणि उतरते. आपल्या गावाबाहेर जे असतं ते म्हणजे रात्रीतून डांबर ओतून केलेला बांध. त्यावर गाडी आपटते. मोजपट्टी घेऊन जा एकदा आणि फोटो मला पाठवा.

आणि हो, ओव्हरलोड. इथे मी खोटं बोलणार नाही. आपण ओव्हरलोड भरतो. दादा भरतो, दादाचे सगळे मित्र भरतात. दीड टनाच्या गाडीत न भरणारा मला तरी माहीत नाही, कारण भाडं क्रेटवर मिळतं आणि हप्ता क्रेट मोजत नाही. कायद्याने पकडलं तर ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. हे माहीत असूनही लोक भरतात, यावरून समजा गणित किती ताणलेलं आहे ते.

पण मग ‘ओव्हरलोड झाला असणार’ हे उत्तर बरोबर आहे का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण गाडी भरताना बघा कधी. क्रेट चढतात तसे मागचे पाटे बसत जातात. मागची बाजू खाली जाते, आणि पुढचं तोंड जरा वरच उचललं जातं. मग भार मागे असताना पुढचा सांधा का तुटतो? तोही फक्त डावा, आणि तोही दोनदा?

तर आम्ही काय केलं, गाडी दुरुस्त झाल्यावर वजनकाट्यावर नेली. नेहमी पूर्ण गाडी काट्यावर उभी करतात. आम्ही आधी पूर्ण गाडीचं वजन घेतलं, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घेतलं. काटेवाल्याने आधी वेड्यात काढलं, मग त्यालाच मजा वाटायला लागली. त्याने एक चांगली गोष्ट सांगितली, की काट्याच्या आजूबाजूची जमीन काट्याला लेव्हल पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. त्याच्याकडे होती.

रिकामी गाडी, दादा आत बसलेला: एकूण १,८३० किलो. पुढे १,०००, मागे ८३०. मग ९६ क्रेट भरली, त्या रात्रीइतकीच. टोमॅटो वीस किलो आणि क्रेटचं स्वतःचं वजन धरून एक क्रेट बावीसला पडलं. एकूण ३,९४२. मागे २,७१२ आणि पुढे, ऐका, १,२३०. म्हणजे एकवीसशे किलो माल चढवला, त्यातले पुढे आले फक्त २३०.

आता आरसी काढा. मालवाहू गाडीच्या आरसीवर एकूण वजनाबरोबर ॲक्सलप्रमाणे वजनही नोंदवलेलं असतं. दादाच्या गाडीचं पुढे १,३००, मागे २,१००. समजलं का? मागच्या ॲक्सलवर सहाशे किलो जास्त होते. त्यात आम्ही शंभर टक्के चूक. मागचा पाटा तुटला असता, मागचा टायर फुटला असता, तर आम्ही गप्प बसलो असतो. पण तुटलं पुढचं, आणि पुढे वजन मर्यादेच्या आत होतं.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. मी हे माझ्या एका मेकॅनिकल इंजिनिअर मैत्रिणीला दाखवलं, तर तिने माझी हवाच काढली. ती म्हणाली, “उभ्या गाडीचं वजन घेतलंस. घाटात ब्रेक मारल्यावर भार पुढे येतो, आणि गाडी जितकी जड तितका जास्त येतो. खड्ड्याचा धक्काही वेगळा.” बरोबर आहे तिचं. म्हणजे ओव्हरलोडचा पुढच्या सांध्याशी संबंधच नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी एवढंच म्हणतो की संबंध आहे हे म्हणणाऱ्याने मोजून दाखवावं. काउंटरवरून ‘असणार’ म्हणू नये. एकच बाजू दोनदा जाते, तर तिथे आर्म वाकलाय का, नकल वाकलाय का, बसवताना बूट दाबला गेला का, पार्टची बॅचच खराब आहे का, हे कुणी बघितलं? जॉब कार्डवर दोन्ही वेळा एकच ओळ: ‘बॉल जॉइंट रिप्लेस्ड’.

पार्टच खराब असू शकतो, हे काही माझं खूळ नाही. २००५ ची गोष्ट सांगतो, अमेरिकेतली. टोयोटाने तिथे सुमारे साडेसात लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. टॅकोमा आणि टुंड्रा हे पिकअप, शिवाय फोररनर आणि सिकोया या एसयूव्ही. कारण? पुढचा खालचा बॉल जॉइंट. कारखान्यात गोळ्याचं फिनिशिंग नीट झालेलं नसेल, त्यावर ओरखडे असतील, तर सांधा लवकर झिजून सैल होऊ शकतो, असं. २००७ मध्ये याच सांध्यासाठी आणखी पाच लाखांहून जास्त टुंड्रा आणि सिकोया बोलावल्या. टोयोटा, लक्षात घ्या. जिचं नाव आपण ‘बंदच पडत नाही’ म्हणून घेतो ती. तिथेही सुरुवातीला प्रत्येक मालक एकटाच गॅरेजमध्ये उभा असणार, आणि त्याला वाटत असणार की आपल्याच गाडीचं नशीब फुटकं. तिथे रस्ता-सुरक्षेची सरकारी यंत्रणा आहे, एनएचटीएसए, तिच्याकडे अशा एकेकट्या तक्रारी एका जागी जमा होतात. दहा ठिकाणी विखुरल्या की ती झीज, एका जागी आल्या की तो दोष.

आपल्याकडे? आपल्याकडेही आहे, हे मला या सगळ्या भानगडीत कळलं. २०१२ पासून कंपन्यांची स्वतःची ऐच्छिक रिकॉल पद्धत होती. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी, ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, आणि दोष सुरक्षेचा असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. मालवाहू गाड्याही त्यात येतात. तक्रार ‘वाहन’च्या रिकॉल पोर्टलवर मालकाने स्वतः करायची. आता तुम्हीच सांगा, मार्केट यार्डात उभ्या असलेल्या किती पिकअपवाल्यांना हे माहीत असेल? मी दादाच्या स्टँडवर विचारलं. अकरा जण होते. एकाला पण नाही. आणि त्या अकरापैकी चौघांनी हाच सांधा वर्षभरात बदलला होता! कुणाकडेही बिल नव्हतं, बाहेरच्या गॅरेजला रोख देऊन काम केलेलं.

आणि दुसरं. शोरूममध्ये दादाला ठामपणे सांगितलं होतं, “गाडी कमर्शियल आहे, ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही.” हे पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे: फक्त स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर तो माणूस ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात, स्वतः चालवायला घेतलेल्या रिक्षासारखी उदाहरणं देऊन हे समजावलं होतं. म्हणजे पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर ठेवणाऱ्याला अवघड जाईल, पण दादासारख्या स्वतः स्टिअरिंगवर बसणाऱ्याला दार उघडं आहे. जिल्हा आयोगात, जिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी २०० रुपये. मुदत दोन वर्षं. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर करता येतं, आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ नंबर आहे.

पण आयोगापुढे ठेवायचं काय? वस्तूत दोष आहे की नाही, हे आयोग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्यासाठी वस्तू तर पाहिजे. दादाचे पहिले दोन्ही बॉल जॉइंट वर्कशॉपच्या भंगारात गेले. कुणी मागितलेच नाहीत. पैसे आपण भरलेत तर जुना पार्ट आपला, डब्यात घालून हातात मागायचा, ही साधी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तिसरा, तो तुटलेला, मात्र आहे. माझ्या टेबलावर आहे आत्ता, माइकच्या शेजारी. (टक् टक्.) हा त्याचा आवाज. गोळ्यावर तपकिरी गंज आणि एका बाजूला चमकणारा घासलेला पट्टा.

शेवटी काय झालं ते सांगतो. वजनकाट्याच्या पावत्या, आरसी, तिन्ही जॉब कार्ड, टायरचे फोटो, सगळं एका फाइलमध्ये घालून आम्ही शोरूमच्या वरच्या साहेबांकडे गेलो. पहिल्यांदा कुणीतरी खुर्ची दिली. साहेबांनी पुढच्या वजनाची पावती दोनदा वाचली. मागच्या वजनावर बोट ठेवलं, ते ठेवणारच होते. आठ दिवसांनी फोन आला: गुडविल म्हणून दोन्ही बाजूंचे आर्म आणि बॉल जॉइंट अर्ध्या किमतीत, मजुरी माफ. फक्त एका कागदावर सही, की या विषयात पुढे तक्रार नाही.

मी म्हटलं, दादा, सही करू नकोस, आपली बाजू भक्कम आहे. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, “तारखा चालू असताना हप्ता तू भरणार का?”

त्याने सही केली. मला राग आला होता, आता नाहीये. सीझन चालू होता.

त्या सहीमुळे या गाडीचं प्रकरण तिथेच मिटलं. पण स्टँडवरच्या बाकीच्यांनी काही सही केलेली नाही. त्यांच्यापैकी दोघांनी माझ्यासमोर, चहाच्या टपरीवर बसून, मोबाईलवरून रिकॉल पोर्टलवर तक्रार टाकली. ओटीपी यायला वीस मिनिटं लागली, ती गंमत वेगळी.

तुमच्या गाडीला असा आवाज असेल तर जाता जाता एवढं करा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे टॉर्च मारा, बूट फाटलाय का, ग्रीस बाहेर आलंय का बघा. टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा. चाक उचलून वर-खाली धरून हलवायची तपासणी मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्या. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक आर्मखालीच लावावा लागतो, नाहीतर सैल सांधापण घट्ट वाटतो. आणि दादासारखं कट्-कट् करत पाच महिने फिरू नका.

दादाची गाडी आता ९० हजारांच्या पुढे गेलीय. तो आता ७० क्रेट भरतो. म्हणजे मला सांगतो तसं. मला क्रेटचे फोटो पाठवत नाही, पण काट्याची पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो, आणि जुने पार्ट घरी पोत्यात. वहिनी त्या पोत्यावर वैतागलेली आहे.

तुमच्याकडे असे आवाज असतील तर रेकॉर्ड करून पाठवा, किती किलोमीटरला सुरू झाला ते सांगा, आणि बिलाचा फोटो जोडा. कंपनीचं नाव झाकलं तरी चालेल. पुढच्या भागात ते ऐकू. चला, भेटू.